बॅगा जागेवर

क्रूझच्या जाहिरातीत माणसं जहाजावर चढताना दिसतात, पोहताना दिसतात, खाताना तर फारच दिसतात. उतरताना कुणी दिसत नाही. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून पुन्हा सिंगापूरला लागणाऱ्या जहाजावर आम्ही सहकुटुंब, म्हणजे मामा-मामी, काका-काकू आणि पोराबाळांसकट गेलो, तेव्हा त्याचं कारण कळलं.

जहाज म्हणजे मंगल कार्यालय. सकाळचं वऱ्हाड हललं नाही तर दुपारचं दारात येऊन उभं. म्हणून उतरण्याची तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू होते. केबिनमध्ये रंगीत टॅग येतात. ते बॅगांना बांधायचे, रात्री अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि झोपायचं. पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे तेवढे जवळ. बॅगा रातोरात खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये रंगवार मांडून ठेवलेल्या असतात.

"दाराबाहेर? रात्रभर?" मामांनी विचारलं. "आणि आपण आत झोपायचं?"

मामा राजापूरकडचे. लहानपणी ते भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मुसाकाजीला जायचे. बोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, ट्रंका, बोचकी सगळं पडावात उतरायचं. एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात धाकटी बहीण धरायची, हा त्यांचा शिरस्ता. (धाकटी बहीण म्हणजे माझी आई. ट्रंकेवरची पकड जास्त घट्ट असायची, असं ती सांगते.)

त्यात काकांच्या केबिनला आला हिरवा टॅग, आम्हाला पिवळा. रंग पुकारला की त्या रंगाने उतरायचं. एका घरातली माणसं दोन रंगांत उतरणार, हे काकूंना अशुभच वाटलं. काका रिसेप्शनच्या रांगेत होते. बिलात माणशी, दर रात्रीची बक्षिसी आपोआप लागली होती आणि सहा वर्षांच्या नातवाला 'माणूस' का धरलं, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच माणसाने कार्ड टेकवून मॉकटेलं किती ढोसली, हे पान त्यांनी अजून उलटलं नव्हतं.

मी फोनवर सगळ्यांची अरायव्हल कार्डं भरत बसलो. सिंगापुरात पोचण्याआधीच्या ३ दिवसांत हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. "परवा इथूनच तर निघालो, भरलाय की तो!" मामा म्हणाले. मधे मलेशिया-थायलंड झाल्यामुळे आपण पुन्हा परदेशातून येतोय, हे त्यांना कागदावर पटलं, मनातून नाही.

साडेदहाला बॅगा बाहेर गेल्या. जहाजाच्या बोळात भिंतीला कठडा असतो, बोट हलली तर धरायला. मामांना त्याचा खरा उपयोग दिसला. कोकणकन्येत बॅगा बांधायची साखळी त्यांनी आणलेलीच होती. सगळ्या मुठींतून ती ओवली, कठड्याला वेढा दिला, कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली, कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि झोपले. मध्यरात्री कुणीतरी बराच वेळ दार ठोठावत होतं म्हणे. मामींना वाटलं, टीप मागायला आला असेल.

सकाळी बोळ मोकळा. फक्त आमच्या बॅगा जागेवर.

"बघ!" मामा म्हणाले. "एकही गेली नाही!"

आता एकच वाट होती. आपलं सामान आपणच वाहून नेणाऱ्यांना जहाज सगळ्यांच्या आधी सोडतं. वर पैसे घेत नाही, हे नशीब. लिफ्ट यायची, आतले लोक आमच्याकडे कळवळून बघायचे आणि दार मिटायचं. शेवटी जिना. गँगवेवर कार्ड मशीनला लावलं की चढतानाचा फोटो पडद्यावर येतो. पडद्यावरचे मामा इस्त्रीचे होते, समोरचे घामाने निथळत होते. रक्षकाने दोनदा मान वर-खाली केली. मग टिंग.

मरीना बे क्रूझ सेंटर २०१२ साली सुरू झालं. दोन मोठी जहाजं एकदम लागतील एवढं ते ऐसपैस आहे. हिरव्या रंगाची वाट बघत आम्ही तिथे टेकलो. तासाभराने काका-काकू आले आणि काळ्या बॅगांच्या रांगांत शिरले. काकूंनी ओळखीसाठी लाल रिबीन बांधली होती. ती युक्ती बऱ्याच काकूंना सुचलेली दिसत होती. माणसं वाकून वाकून टॅग वाचत होती, एकमेकांच्या बॅगा ओढून परत ठेवत होती.

मामा आपल्या बॅगेवर मांडी ठोकून हे सगळं बघत होते.

"एवढे पैसे भरून येतात," ते म्हणाले, "एक साधी साखळी आणायला काय होतं यांना?"