जरा सरकून घ्या

धाकटीचे वरचे पटाशीचे दात आले ते एकमेकांकडे पाठ फिरवूनच. मधली फट एवढी, की ती त्यातून शिट्टी वाजवायची. आई म्हणाली, "वाढतं अंग आहे, मिटेल आपोआप." आईचं निदान फुकट असतं, त्यामुळे ते कुणी मनावर घेत नाही. मी पोरीला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

एक्स-रेमध्ये नाकाच्या दोन्ही अंगांना दोन सुळे दबा धरून बसलेले दिसले. खाली उतरता उतरता ते शेजारच्या दातांची मुळं आत ढकलतात, म्हणून दातांची टोकं बाहेर फाकतात. सुळे उतरले की बहुतेक वेळा फट मिटते. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1937 मध्ये या वयाला चक्क 'कुरूप बदकपिल्लू' असं नाव दिलं. "मग आता काय करायचं?" "काही नाही. थांबायचं." फी मात्र थांबली नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "नातीला बदक म्हणायचे पैसे घेतले?"

डॉक्टरीणबाई बोलक्या. हनुवटी पुढे येते म्हणजे जबडा पुढून वाढतो, अशी माझी समजूत. ती त्यांनी मोडून काढली. खालचा जबडा वाढतो तो मुख्यतः मागून. कोकणातल्या घराला दर पिढीत मागे एक पडवी काढावी, तसं कानाकडच्या उभ्या हाडाला मागून थर चढत जातो, पुढून ते झिजतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दाढा येतात. एक सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या. अक्कलदाढ उगवते सतरा-अठराच्या पुढे, म्हणजे पंगत बसून गेल्यावर. मग ती आडवी पडून ठणाणा करते. माझ्या एका मामांची हीच रीत आहे, पण ते असो.

जाता जाता मीही तोंड उघडलं. लग्नाच्या फोटोत माझे खालचे दात शिस्तीत उभे आहेत. आता पन्नाशीत त्यातला एक दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो. "माझा जबडा अजून वाढतोय?" मी आशेने विचारलं.

जबडा नव्हे, दात सरकताहेत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. पाव मिलिमीटरहूनही पातळ तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो. दाब पडेल तिकडचं हाड झिजतं, ओढ बसेल तिकडे नवं भरतं. तारा लावून दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर हलवतात तेही याच जोरावर. शिवाय जन्मभर सगळी रांग तसूतसूने पुढे सरकतच असते. म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस माझ्या तोंडातही आहे, आणि मागून कुणीतरी त्याला "जरा सरकून घ्या" म्हणतंय.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माझे बघ," ती म्हणाली, "रात्री वाटीत ठेवते, सकाळी तिथेच सापडतात."