सातव्या निकषाचे सर

हरितसरांची नेमणूक जूनमधल्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये होते, आणि बहुधा ते चहा सांगायला बाहेर गेलेले असताना. परत येतात तेव्हा प्राचार्य कौतुकानं हसत असतात, बाकीचे टाळ्या वाजवत असतात आणि ‘हरित परिसर समिती : समन्वयक’ या ओळीपुढे त्यांचं नाव चढलेलं असतं. सर वनस्पतिशास्त्राचे असले तर प्रश्नच नसतो. भूगोलाचे असले तर विषय जवळचाच ठरतो. मराठीचे असले तर, ‘सर, हा विषय तुकोबांपासून तुमच्याकडेच आहे,’ असं सांगून प्राचार्य पुढच्या ठरावाकडे वळतात. या पदाला भत्ता नाही, खोली नाही, शिपाई नाही. एक हिरवी फाईल आहे. तीही आधीच्या समन्वयकाने बदलीच्या आनंदात कुठंतरी ठेवलेली असते.

या नेमणुकीची मुळं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. पर्यावरणवादी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा असं सांगितलं आणि २००३ मध्ये ते पुन्हा बजावलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या मुलांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. न्यायालयाने विषय दिला, शिक्षक दिला नाही. तेव्हा महाविद्यालयांनी आपापला मार्ग काढला : ज्यांचा वर्कलोड कमी पडत होता, त्यांच्या वेळापत्रकात पर्यावरण घातलं. अर्थशास्त्राचे सर अन्नसाखळी शिकवू लागले आणि इंग्रजीच्या मॅडम ओझोनचा थर. त्यातून जे तगले आणि ज्यांना विषयाची गोडीही लागली, ते आजचे हरितसर.

त्यांच्या डोक्यावर बसलेला आहे तो महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा सातवा निकष. एकूण हजार गुणांतले शंभर त्याचे, आणि त्यात बरंच काही कोंबलेलं आहे : सौर पॅनेल, कचरा, पावसाचं पाणी, प्लास्टिकबंदी, वाहनांना मज्जाव, हरित लेखापरीक्षण आणि वर दोन ‘उत्तम पद्धती’. प्रत्येक गोष्टीला पुरावा हवा, पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटो जिओटॅग केलेला. त्यामुळे हरितसरांना पृथ्वीवरचं आपलं नेमकं स्थान दशांश चिन्हाच्या पुढे सहा आकड्यांपर्यंत माहीत असतं. घरी बायकोनं ‘कुठे आहात?’ असं विचारलं की मात्र ते ‘इथंच’ म्हणतात.

अशा हरितसरांना वर्षातून एकदा परिषद लागते. सभागृहात ते कसे दिसतात, हे फार महत्त्वाचं नाही. तिथं सगळेच सारखे दिसतात. खादीचं जाकीट, खांद्याला गेल्या परिषदेची कापडी पिशवी, गळ्यात या परिषदेचं ओळखपत्र. अकराचं उद्‌घाटन सव्वाबाराला होतं. पाहुण्यांचं स्वागत पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन होतं, आणि ते रोप नर्सरीतल्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असतं. पाहुणे ते गाडीत विसरतात, ड्रायव्हर ते पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकांना देतो. करंजाचं एखादं रोप असं जिल्हाभर सत्कार घेत हिंडतं. त्याला जमिनीखेरीज सगळं मिळालेलं असतं.

मग शोधनिबंध. आमच्या परिसरात पाचशे झाडं लावली. आम्ही ‘नो व्हेइकल डे’ पाळतो. आमचा गांडूळखत प्रकल्प विद्यार्थी चालवतात. प्रत्येक स्लाईडवर हसरे विद्यार्थी, हिरवी पार्श्वभूमी आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश. पडद्यावरच्या महाराष्ट्रात एकही पान पिवळं पडत नाही. श्रोत्यांतले हरितसर मान डोलावतात, कारण चौथ्या क्रमांकावर त्यांचंही तेच वाचायचं असतं.

खरे हरितसर दिसतात ते दोन वाजता, जेवणाच्या मांडवात.

कार्यक्रमपत्रिकेत याला ‘नेटवर्किंग लंच’ म्हटलेलं असतं. मांडव तोच, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी हेही तेच. फक्त रांगेत उभं राहून शेजारच्याशी बोलणं आता कामाचा भाग झालेलं असतं. हरितसरांना ते वेगळं शिकावं लागत नाही. ताट डाव्या हातात, उजवा हात भाजीत, म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा प्रश्न येत नाही. फोन खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवलेला असतो आणि त्यावर क्यूआर कोड उघडा. पहिलं वाक्य ठरलेलं : ‘सर, तुमची कितवी सायकल?’ म्हणजे नॅकची कितवी फेरी. ‘तिसरी. ऑक्टोबरात एसएसआर भरायचाय.’ म्हणजे नॅकला द्यायचा स्वयंमूल्यांकन अहवाल. एवढ्यावर दोन परकी माणसं एकमेकांकडे अशा नजरेनं बघतात की मधला वाढपी आपोआप बाजूला होतो.

या रांगेत काही मंडळी हटकून भेटतात. एक असतात एमओयूसर. ते मठ्ठ्याचा ग्लास हातात देता देता सामंजस्य करार सुचवतात. ‘तुमचं कॉलेज, आमचं कॉलेज, झाडांची देवाणघेवाण,’ असं ते म्हणतात. करारात झाडं कुठून कुठे जातील हे नसतं. दोन्ही प्राचार्यांचा हस्तांदोलन करतानाचा फोटो मात्र असतो. दुसरे ऑडिटवाले. त्यांच्या शर्टाची इस्त्री प्राध्यापकांच्या इस्त्रीपेक्षा कडक असते, यावरून ते ओळखू येतात. ऊर्जा, पर्यावरण आणि हरित, अशी तीन लेखापरीक्षणं एकत्र घेतली तर ते सवलत देतात, आणि जिलेबी घेता घेता मांडवामागची झाडं मोजून दाखवतात. तिसऱ्या गांडूळमॅडम. त्या ताटात काय आहे याकडे बघतच नाहीत, ताटात काय उरतंय ते बघतात. ‘लिंबाची फोड खतात टाकू नका हं. आणि ही भाजीसुद्धा नको. मीठ, तेल सोसत नाही त्यांना.’ त्यांच्या शेजारी बसून लोणचं खाताना आपल्यालाच संकोच वाटतो.

परदेशातल्या अनेक विद्यापीठांत हरित समन्वयकाचं काम पगारी आहे, हे हरितसरांना ठाऊक असतं. अमेरिकेत अशा लोकांची ‘आशे’ नावाची संघटना २००५ पासून आहे. तिच्या ‘स्टार्स’ पद्धतीत विद्यापीठांना कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम असे दर्जे मिळतात. एका हरितसरांनी कुठंतरी वाचलं, की तिकडे परिषदेच्या जेवणात टेबलांवर विषयांच्या पाट्या असतात आणि ज्याला ज्या विषयात रस तो त्या टेबलाशी बसतो. त्यांनी आपल्या महाविद्यालयातल्या परिषदेत तसं केलं. पाणी, ऊर्जा, कचरा, जैवविविधता, अशा चार पाट्या, सुंदर अक्षरांत. पाहुणे आले, पाट्या कौतुकानं वाचल्या, फोटो काढले. मग लातूरकर लातूरकरांशी बसले, नगरकर नगरकरांशी, आणि ज्यांच्या जिल्ह्यातलं कुणी नव्हतं ते पंख्याखाली. ‘ऊर्जा’च्या टेबलावर जागा मिळेना, कारण जिलेबीचं पातेलं त्याच्या शेजारी होतं. ‘कचरा’ या टेबलावर लोकांनी उष्टी ताटं नेऊन ठेवली. आयोजकांनी अहवालात लिहिलं : ‘विषयनिहाय संवादास उत्स्फूर्त प्रतिसाद.’

इथपर्यंत हरितसर हसण्यावारी नेता येतात. पण जेवण अर्ध्यावर येतं, मसालेभाताची दुसरी फेरी होते, आणि मांडवात एक वेगळंच सत्र सुरू होतं. त्याला अध्यक्ष नसतो, पीपीटी नसते, आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.

सुरुवात कुणीतरी आवाज खाली आणून करतं.

‘सर, एक विचारू? तुमच्या स्लाईडवर एकवीस सालचं आणि तेवीस सालचं वृक्षारोपण होतं ना... अक्षांश-रेखांश एकच होते.’

हरितसर पुरीचा तुकडा ताटात ठेवतात. इकडे तिकडे बघतात.

‘खड्डा एकच आहे हो.’

‘आमचाही एकच आहे.’

मग बांध फुटतो. सभागृहात जी पाचशे झाडं लागली होती, ती मांडवात एकेक करून मरू लागतात. एकाची शेळ्यांनी खाल्ली. दुसऱ्याकडे कंपाउंडची भिंत बांधताना ठेकेदाराने उपटली. तिसऱ्याची मुरमात लावली होती, खड्डा हातभरसुद्धा खोल नव्हता, कारण खणायला एनएसएसची मुलं होती आणि त्यांची परीक्षा होती. चौथ्याची सगळ्यात भाबडी : पाच जूनला लावली. जागतिक पर्यावरण दिनाची ही तारीख १९७२च्या स्टॉकहोम परिषदेवरून आली. मराठवाड्यातल्या पावसाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. पाहुणे पाच जूनला आले, पाऊस जुलैत आला, मधल्या काळात रोप गेलं. आणि जी पावसाळ्यात, हिवाळ्यात टिकली, ती मेमध्ये जातात, कारण मेमध्ये महाविद्यालयाला सुट्टी असते आणि झाडांना नसते.

आता कुणीच थांबत नाही. ‘नो व्हेइकल डे’ला सगळा स्टाफ गाड्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी लावतो, तिथून चालत आत येतो, टपरीवाला त्या दिवसाची वाट बघत असतो. सौर पॅनेलवर धूळ बसते, गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवृत्त झालेले असतात. पावसाचं पाणी गाळायच्या टाकीत पहिल्याच पावसात गुलमोहराचा पाला जाऊन बसतो, आणि पाणी पूर्वीसारखंच मैदानात जातं. गांडूळखताच्या वाफ्यात मुंग्या झाल्या. ‘घूस आली आमच्याकडे,’ असं एक सर म्हणतात, आणि सगळे क्षणभर गप्प होतात. असा अनुभव शोधनिबंधात कधी येत नाही.

या सत्राचं वैशिष्ट्य असं, की इथं प्रत्येक अपयशापाठोपाठ उपाय येतो, आणि तो एखाद्या पुस्तकातला नसतो. नगरचे सर सांगतात, की त्यांनी रोपाशेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मातीचं मडकं पुरलं. चार-पाच दिवसांतून एकदा भरलं की पुरतं. लातूरचे सर सांगतात, सुट्टीतलं पाणी माळ्यावर नाही, वॉचमनवर सोपवायचं, कारण तो मेमध्येही असतो. त्याच्या मुलीच्या प्रवेशाचं काम आपण करायचं. गांडूळमॅडम वाफ्याभोवती पाण्याची चर काढायला सांगतात, म्हणजे मुंग्या ओलांडून येत नाहीत. गुलमोहराच्या पाल्यासाठी कुणी जाळी सुचवतं, कुणी गुलमोहरच नको, बहावा लावा म्हणतं, आणि तिथं पाच मिनिटं देशी-विदेशी वाद रंगतो. उष्ट्या हातानं मोबाईल धरता येत नाही, म्हणून हरितसर डाव्या हातानं कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतात. दिवसभरात त्यांनी लिहिलेलं एवढंच. बीजभाषण चालू असताना त्यांनी फक्त पेन चालतं का ते पाहिलं होतं.

मला वाटतं, या मंडळींना परिषदा घ्यायच्याच असतील तर त्यांनी दोन दिवस जेवावं आणि तासभर भाषणं करावी. सभागृहात माणूस संस्थेच्या वतीनं बोलतो, आणि संस्थेची झाडं कधी मरत नाहीत. ताट हातात आलं की तो स्वतःच्या वतीनं बोलू लागतो. मरणारं झाड कसं मरतं हे कळल्याशिवाय जगणारं कसं जगवायचं हे कुणाला सांगता येत नाही, आणि ही माहिती महाराष्ट्रात आज तरी फक्त मसालेभाताच्या आसपास उपलब्ध आहे.

चार वाजता समारोप होतो. हरितसर प्रतिनिधींच्या वतीनं मनोगत व्यक्त करतात : परिषद अत्यंत ज्ञानवर्धक झाली, आयोजन नेटकं होतं, भोजन रुचकर होतं. ‘रुचकर’ म्हणताना त्यांचा आवाज किंचित भरून येतो. लोकांना वाटतं जिलेबी.

परत गेल्यावर ते काय करतात, हे फार कुणाला दिसत नाही. मुरूम फोडायला पहार आणतात. एक मडकं पुरतात. वॉचमनच्या मुलीचा फॉर्म स्वतः ऑनलाईन भरतात आणि बँकेच्या सर्व्हरशी भांडतात. या वेळी करंजाचं रोप पाच जूनला न लावता पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावतात. पाहुणे नसतात, बॅनर नसतो. वॉचमन फोटो काढतो, त्यात सरांचं डोकं कापलेलं येतं, पण अक्षांश-रेखांश बरोबर येतात. हिवाळा जातो. मे येतो. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात करंजाला चक्क नवी पालवी फुटते.

जुलैचा पहिला आठवडा हा वनमहोत्सवाचा. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी देशभर सुरू केलेला, आणि महाविद्यालयात त्या वर्षी पाहुणे म्हणून खुद्द संस्थेचे अध्यक्ष यायचे असतात. प्राचार्य हरितसरांना घेऊन परिसराची पाहणी करायला निघतात. फाटकाजवळ, रस्त्यावरून दिसेल अशा नेहमीच्या जागी येतात आणि थबकतात.

‘हे काय?’

‘करंज, सर. जगला.’ हरितसरांना हसू आवरत नाही.

‘ते दिसतंय मला,’ प्राचार्य म्हणतात. ‘पण मग अध्यक्ष कुठे लावणार? खड्डा तर भरलाय.’

वार्षिक अहवालात ‘यंदा लावलेली झाडे’ असा रकाना आहे, जगलेल्यांसाठी रकाना नाही. ही अडचण खरी असते आणि तातडीची असते. हरितसर व्हरांड्यात येतात, जेवणाच्या रांगेत साठवलेला नगरच्या सरांचा नंबर काढतात.

‘नमस्कार सर, एक काम होतं. तुमच्याकडे एखादा खड्डा रिकामा आहे का? एमओयूमध्ये बसवू आपण. आमचे अध्यक्ष लावून जातील.’

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग नगरचे सर म्हणतात :

‘नाही हो सर. आमचंही जगलं या वर्षी. मीच तुम्हाला फोन करणार होतो.’