वरच्या सभागृहातले मानकरी

एक माणूस, एक मत हे विधानसभेपुरतं. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या. शिक्षक म्हणजे माध्यमिक आणि त्यापुढचे. तुम्हाला अ-आ-इ गिरवायला लावणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना त्या मतदारसंघात मत नाही. बावीस जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. तिथे मतदार मोजकेच असल्याने मतदानाआधी त्यांना सहलीची हवा मानवते. तीस जागा आमदारांच्या हाती. उरलेल्या बारा राज्यपालनियुक्त: साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा. सहकारालाही मान मिळाला, साखर कारखान्यांची अगदीच आबाळ होत होती ना! ऊसतोड मजूर, घरकामवाल्या, हमाल मात्र घटनेच्या १७१व्या कलमात कुठेच नाहीत. त्यांनी आधी पदवी घ्यावी, तीन वर्षं थांबावं आणि मग मतदारयादीत नाव नोंदवावं.