भूगोलगुरुजी डॉट टीव्ही

यूट्यूबवर चॅनल काढणं मला कमीपणाचं वाटत होतं. आमच्या सोसायटीत ज्यांना म्हणून काही येत नाही, त्या सगळ्यांची तिथे चॅनलं आहेत. बी विंगमधले एक गृहस्थ रोज सकाळी गच्चीतल्या कुंडीतल्या मिरच्या दाखवतात, आणि लोक बघतात. हयातभर भूगोल शिकवलेल्या माणसाने त्या मिरच्यांना खेटून मान्सून शिकवायचा? शिवाय दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड किती दिवस मांडायचं? जागा स्वतःची हवी, दारावर पाटी स्वतःची हवी.

म्हणून मी पाटी आधी घेतली.

"मामा, साधं डॉट इन घ्या," असं तन्मय, म्हणजे माझा भाचा, सांगत होता. पण संकेतस्थळांची नावं विकणाऱ्या कंपनीच्या पानावर गेलो आणि साडीच्या दुकानात बायकोचं होतं तसं माझं झालं. डॉट व्हिडिओ, डॉट ट्यूब, डॉट फिल्म, डॉट मूव्ही! २०१२ साली आयकॅन या संस्थेने नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले, तेव्हा एकेका अर्जाची फी एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर होती. एवढे पैसे मोजून लोकांनी ही नावं आणली, तर आपण निदान निवडताना चोखंदळ असावं. डॉट व्हिडिओ मला लग्नाच्या शूटिंगवाल्याचं वाटलं. डॉट ट्यूबमध्ये सायकलच्या दुकानाचा वास आला. डॉट टीव्ही मात्र भारदस्त. बातम्या देणाऱ्याने कोट घालावा तसं. पहिल्या वर्षाची किंमत ठळक होती, नूतनीकरणाची तिच्याखाली बारीक अक्षरात होती, आणि वाचायचा चष्मा आतल्या खोलीत होता.

घोळ इंग्रजी स्पेलिंगपासूनच सुरू झाला. 'भू'ला यू की डबल ओ? 'जी'ला आय की डबल ई? मी मला पटलं ते घेतलं. माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांना पटलं ते टाइप केलं. इंग्रजी शिकवणारे सहकारी वेगळे होते, एवढं मी इथे नमूद करून ठेवतो.

चिपळूणच्या आक्काला मोठ्या उत्साहाने फोन लावला.

"आक्का, माझं डॉट टीव्ही निघालं!"

"अगोबाई! किती वाजता लागतं रे बाळू?"

"लागत नाही गं. केव्हाही बघता येतं."

"म्हणजे रात्रीचं पुन्हा दाखवतात ते. बरं, कितव्या नंबरवर?"

मी समजावत राहिलो. ती "हो हो" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने केबलवाल्याला गाठलं. "तुमच्या पॅकमध्ये येत नसेल मावशी," असं त्याने सांगितलं आणि वरचा पॅक गळ्यात मारला. आक्काला आता तमिळ सिनेमे आणि कुस्त्या दिसतात. भाऊ दिसत नाही.

हे ऐकून तन्मय हसता हसता म्हणाला, "मामा, पण त्या टीव्हीचा टेलिव्हिजनशी संबंधच नाही. तो तुवालूचा कोड आहे. आपलं जसं डॉट इन, तसं त्यांचं डॉट टीव्ही."

"कुणाचं?"

"तुवालू. देश आहे."

मला, देश आहे, म्हणून, तन्मय सांगत होता. ज्याला मी नववीत अक्षांश-रेखांशावरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बोट केलं आणि म्हटलं, दाखव. हा नकाशा कापडावर डकवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला, जुन्या पद्धतीचा. तो माझ्याकडे निवृत्तीच्या सुमारास आला. कसा आला ते इथे महत्त्वाचं नाही. तन्मयने प्रशांत महासागर पिंजून काढला. तुवालू नव्हता. "माझ्या नकाशात नाही, म्हणजे नाही," असा निकाल देऊन मी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्याने मोबाईलवर दाखवलं की जिथे माझ्याकडे 'एलिस बेटे' छापलं होतं, तोच हा देश, १९७८ साली ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेला. माझा नकाशा त्याआधीचा होता. त्यात युगोस्लाव्हियाही ठणठणीत होता.

मग मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. नऊ बेटं, सगळी मिळून जेमतेम २६ चौरस किलोमीटर जमीन, माणसं अकरा हजारांच्या आसपास. राजधानी फुनाफुटी. तिथली विमानाची धावपट्टी संध्याकाळी पोरांचं मैदान होते. विकायला फारसं काही नाही, आणि देशांच्या अधिकृत यादीतून वाट्याला आली 'टीव्ही' ही दोन अक्षरं! एका अमेरिकी कंपनीशी बारा वर्षांत पाच कोटी डॉलर असा करार झाला. त्या पैशांमुळे २००० साली या देशाला संयुक्त राष्ट्रांचं सभासद होणं परवडलं. पुढे ट्विच डॉट टीव्ही आलं. तिथे काही पोरं व्हिडिओ गेम खेळतात आणि बाकीची पोरं ते बघत बसतात. हे ॲमेझॉनने २०१४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतलं, हे वाचून मी कुंडीतल्या मिरच्यांना मनोमन माफ केलं.

पण काळजीही लागली. समुद्र चढतोय. तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ साली हवामान परिषदेसाठी गुडघाभर पाण्यात उभं राहून भाषण केलं होतं. देश गेला तर त्याच्या शेपटीचं काय? युगोस्लाव्हिया गेला आणि त्याचं डॉट वाययू २०१० साली कायमचं बंद झालं. रात्री बायकोला उठवून मी हे सांगितलं. "समुद्र यायच्या आत तुमचं नूतनीकरण चुकेल, झोपा," ती म्हणाली.

पहिला व्हिडिओ अर्थातच तुवालूवर. तन्मयने चित्रीकरण केलं, मी नकाशासमोर हातात छडी घेऊन पाऊण तास बोललो. फाइल कित्येक जीबींची झाली. माझ्या साइटवर ती रात्रभर चढत होती. सकाळी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिंक टाकली. चारदोन जण एकदम आले आणि मी पडद्यावर "नमस्का" म्हणून थिजलो. तोंड उघडं, छडी वर. त्या अवस्थेतले माझे फोटो अजून ग्रुपवर फिरतात. तन्मयने तेव्हा समजावलं, की मोठ्या कंपन्या एका व्हिडिओच्या लहानमोठ्या दर्जाच्या अनेक प्रती करतात, त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते बघणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात आणि नेट मंदावलं की हलका तुकडा पाठवतात. मी घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर यातलं काहीच नव्हतं.

प्रेक्षकांच्या बाबतीत मी ओहायोतल्या एका कंपनीच्या उदाहरणाच्या भरवशावर होतो. पाइप बनवायची यंत्रं विकणाऱ्या त्या कंपनीचा पत्ता होता यूट्यूब डॉट कॉम, फक्त 'यू' एकाच अक्षराचा. २००६ मध्ये स्पेलिंग चुकवून इतके लोक तिथे थडकले की त्यांचा सर्व्हर कोसळला आणि त्यांनी यूट्यूबवर खटला भरला. चुकून का होईना, माणसं येतील असं मला वाटलं होतं. माझ्याकडे स्पेलिंग चुकवूनही कुणी आलं नाही. चुकवणारे सगळे गुगलवर गेले आणि तिथून मिरच्यांवर.

शेवटी तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि माझ्या पाटीखाली त्यांची खिडकी बसवली. पाऊण तासाचं कुणी बघेना. म्हणून तन्मयने मला न विचारता त्यातला एक उभा तुकडा काढला, मिनिटभराचाही नाही. मी छडीने फुनाफुटी दाखवत "आणि इथे पाण्याची पातळी" म्हणतो, छडी जरा जोरात टेकते, खिळा निघतो आणि अख्खं जग दांड्यासकट माझ्या डोक्यावर येतं. खाली मथळा: 'सर बुडाले'.

तो तुकडा कुठल्या कुठे गेला. आक्कालाही पोचला. तिने केबलवाल्याला फोन करून नवा पॅक चांगला असल्याचं कळवलं.

आणि परवा शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आधी अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, "सर, तो नकाशा खाली येताना कोपऱ्यातला शिक्का अगदी स्पष्ट दिसतो. आपल्या शाळेचाच आहे. मी डेडस्टॉक रजिस्टर काढून बघितलं. त्या नकाशापुढे 'वाळवीने खाल्ला' असा शेरा आहे, आणि खाली सही तुमची आहे."