एकाने काय होतंय?

ऑफिसात कुणाला शुगर निघाली की ती त्याची एकट्याची राहत नाही. सकाळी रिपोर्ट हातात येतो आणि पहिला चहा होईपर्यंत तो सगळ्या सेक्शनचा झालेला असतो. शेजारच्या टेबलावरचे काका जांभळाच्या बियांची पूड सांगतात, कॅशियरबाई रात्री भिजवलेली मेथी. कुणाच्या तरी मेहुण्याने कारल्याच्या रसावर गोळ्या बंद केलेल्या असतात. मेहुण्याचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं. शिपाई मात्र काहीच सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप बिनसाखरेचा चहा पुढे ठेवतो. सगळ्यांत कामाचा माणूस तोच.

आणि चार वाजता याच मंडळींपैकी एकजण पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरू लागतो. मराठी ऑफिसात पेढ्याला कारण लागतं, पण कारणाला तोटा नसतो. बढती, नातवाचं बारसं, मुलीची दहावी, नवी स्कूटर, जुनी स्कूटर एकदाची विकली गेली म्हणून. “नको, मला शुगर आहे.” “अहो, एकाने काय होतंय?” म्हणणाऱ्याच्या मनात काडीइतकंही पाप नसतं. फक्त महिन्याभरात असं म्हणणारे बरेच भेटतात. पेढा घेतला नाही तर देणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि घेतला तर साखर चढते. आपली माणसं भिडेखातर साखर चढवून घेतात. वर तोडगाही तयार असतो, “आज गोळी दीड घ्या.” डॉक्टरांची एमबीबीएसची सगळी वर्षं या एका वाक्यात पाण्यात जातात.

व्यवस्थापनालाही काळजी असतेच. ती १४ नोव्हेंबरला असते. इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांचा हा १८९१ मधला जन्मदिवस, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. त्या दिवशी शिबिर भरतं, आधी सगळ्यांना इडली-वडा मिळतो आणि मग रांगेत बोट टोचून साखर बघतात. आकडा बघून इडली खाल्लेला घाबरला तर घाबरला. काही हुशार लोक दोन दिवस आधीपासून गोड बंद करतात, त्या दिवशी इडलीही टाळतात आणि उपाशीपोटीचा आकडा छान आणून दाखवतात. त्यांच्यासाठी ती तीन महिन्यांची, म्हणजे एचबीएवनसी तपासणी आहे. उपाशीपोटीची साखर म्हणजे आधी कळवून आलेलं इन्स्पेक्शन, त्या दिवशी सगळे जागेवर. एचबीएवनसी हे मस्टर आहे. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं सांगून टाकते, गणपतीतल्या मोदकांसकट. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा वर गेलं तर मधुमेह, आणि अधेमधे असाल तर अजून वेळ हातात आहे.

या शिबिराकडे सडपातळ मंडळी फिरकतच नाहीत. “माझं वजन बघा” म्हणून ती खुशाल खुर्चीत बसून राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला, त्याने अशांची झोप उडायला हवी होती. उंची-वजनाचा हिशोब, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुण्याच्या डॉक्टरांची २१.२. दिसायला बारीक, आतून लठ्ठ, ही आपल्याकडची खासियत. सोबत कारणमीमांसाही होती. युडकिन मॅरेथॉन धावायचे आणि याज्ञिक रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावायचे. हा दुसरा क्रीडाप्रकार आपल्या प्रत्येक ऑफिसात खेळला जातो.

खरं तर त्यावरचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता, शतपावली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की चढणारी साखर आवरते, आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठलं तरी फरक पडतो. पण जेवून जिन्यात फेऱ्या मारणाऱ्याला आपल्याकडे काम नाही असं समजतात. खुर्चीत बसून डुलक्या घेणारा मात्र कामावर असतो.

चढलेल्या साखरेची एवढी चर्चा होते, उतरलेलीची कुणी करत नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतलं की वेळेवर जेवावंच लागतं. साहेबांची साडेबाराची मीटिंग दोनपर्यंत लांबते, आणि एरवी शांत असलेला माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, उगाच चिडतो, विचारलं एक की सांगतो भलतंच. “आज यांचं घरी काहीतरी झालंय” असं मंडळी ठरवतात. घरी काही झालेलं नसतं, साखर ७० च्या खाली गेलेली असते. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि गंमत बघा, वर्षभर ज्याचा आग्रह झाला तो पेढा नेमका या वेळी फारसा उपयोगी नाही. खव्यातल्या स्निग्धतेमुळे त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते.

इतकं सहकाऱ्यांना ठाऊक असलं तरी खूप झालं. पण आज इन्सुलिन घेणारा माणूस पेन घेऊन बाथरूममध्ये जातो, कारण टेबलावर काढलं तर बदली-बढतीच्या वेळी कुणाला तरी आठवेल अशी त्याला धास्ती असते. फ्रीजमध्ये त्याची औषधाची डबी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमागे दडलेली असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले, आणि गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. इतक्या लोकांनी लपायचं म्हटलं तर ऑफिसात तेवढी बाथरूमं नाहीत.

तेव्हा साहेब, नोव्हेंबरात शिबिर जरूर भरवा, इडली-वडा टोचून झाल्यावर द्या आणि कुणाचा आकडा बोर्डावर लावू नका. पण त्याआधी एक परिपत्रक काढा: दुपारी एक ते दोन कुणालाही मीटिंगला बोलावलं किंवा मीटिंगमध्ये अडकवून ठेवलं जाणार नाही. त्याला डॉक्टर लागत नाही, बजेट लागत नाही, एका कागदावर मावतं.