अर्ध्या किमतीहून कमी रुबाब

दहा-बारा लाखांत बीएमडब्ल्यू थ्री सीरीज मिळते, हे एकदा कळलं की माणूस नव्या स्विफ्टकडे ढुंकूनही बघत नाही. गाडी बहुधा दिल्लीची. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार, म्हणून ती नववं सरता सरता पुण्यात हवापालटाला येते. "डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल ओनर," एजंट सांगतो. (देशातले डॉक्टर दवाखान्यात बसतात कधी, कोण जाणे.) एनओसी आणि इथला रोड टॅक्स हे विषय टोकन दिल्यावर निघतात.

मीटर चाळीस हजार किलोमीटर दाखवतो. स्टिअरिंगचं चामडं गुळगुळीत, ब्रेक पेडलचं रबर झिजून सपाट. पण मीटरवर संशय घेणं म्हणजे थेट डॉक्टरांवरच घेणं! थ्री सीरीजमधल्या जुन्या डिझेल ३२०डीच्या एन४७ इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला असते. ती बदलायची वेळ आली, तर तिथवर पोचायला गिअरबॉक्स, बऱ्याचदा अख्खं इंजिनच, खाली उतरवावं लागतं. खरेदीदार मात्र सनरूफ चारदा उघडून-मिटून समाधानाने मान डोलावतो. गाडीची किंमत उतरली तरी सुट्या भागांची उतरत नाही, हे त्याला पहिला हेडलाइट फुटेपर्यंत कोणी सांगत नाही.

मग सुमारे साडेसात सेकंदांत शून्यावरून शंभर गाठणारी ही गाडी सोसायटीच्या गतिरोधकापाशी थबकते. मागे बसलेल्या सासूबाईंना खाली उतरवलं जातं आणि गाडी तिरकी होऊन, इंचाइंचाने, पलीकडे जाते.