पोट फुगवणारा घोडा

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये घोडा सापडत नाही. 1994 साली उघडलेल्या त्या आवारात सेंच्युरियन आहे, पॅटन आहे, आपला विजयंता आहे. खिंकाळणारं मात्र कुणी नाही. रणगाड्याचं एक बरं असतं. त्याच्या पाठीला फोड येत नाहीत आणि पट्टा आवळताना तो पोट फुगवत नाही.

घोडा फुगवतो. खोगीर चढवून तंग आवळायला घेतला, की बरेच घोडे अंग ताठ करून पोट टम्म करतात. आपण खुशीत बक्कल लावतो. चार पावलं गेल्यावर तो निवांत श्वास सोडतो, तंग ढिला पडतो आणि स्वार खोगिरासकट एका कुशीवर कलतो. म्हणून जाणते लोक तंग दोनदा आवळतात. पहिल्यांदा घोड्याच्या समाधानासाठी, थोडं फिरवून आणल्यावर स्वतःच्या.

लग्नसराईत हे शास्त्र भर रस्त्यात गुंडाळून ठेवलेलं दिसतं. नवरदेवाचा फेटा तीनतीनदा बांधून बघतात, पण रिकिबीचं माप कुणी घेत नाही. खरं तर ते किती सोपं! रिकिबीचा पट्टा जिथून निघतो तिथे बोटं टेकवायची, हात सरळ ठेवायचा आणि रिकीब काखेपर्यंत येते का बघायचं. पायात टाचेचा बूट हवा, म्हणजे पाऊल आरपार जाऊन अडकत नाही. नवरदेवाच्या पायात असते गुळगुळीत मोजडी, आणि रिकीब असते गेल्या मुहूर्तावरच्या उंच नवरदेवाच्या मापाची. मग बिचारा वरातभर पाय लोंबकळत, दोन्ही हातांनी खोगीर धरून बसतो. वर करवल्या ओरडतात, ‘दादा, जरा हस ना!’

बसणाऱ्याचे हाल निदान फोटोत दिसतात. घोड्याचे खोगिराखाली झाकलेले. नमद्यात अडकलेलं एखादं कुसळ, नाहीतर घामाने कडक झालेली कातड्याची कड पाठ सोलायला पुरते. घाम वाळला की त्यातलं मीठ कातड्यात उरतं. ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, बेताने तेलाचा हात फिरवला की काम भागतं. पण आपल्याकडे खोगीर उन्हात टाकायचं आणि वर तेल ओतायचं, असा दुहेरी उपचार चालतो. दुखणं घोड्याच्या पावलांनी येतं म्हणतात. इथे ते घोड्याच्याच पाठीवर येतं. जखम भरली तरी तिथे पुष्कळदा पांढरे केस उगवतात. घोडा विकत घेणाऱ्याने आधी ते शोधावेत. मालक काहीही सांगो, पाठ खोटं बोलत नाही.

या बाबतीत माझा विश्वास धनगरांवर. भीमेच्या अंगाला, श्रीगोंदा-कर्जतकडे, मेंढरांमागचं बिऱ्हाड घोड्यावर चालतं. मराठ्यांच्या फौजा ज्या भीमथडी तट्टांवर दौडल्या, त्यांच्याच वंशातली ही काटक घोडी आता भांडी, बाज, मेंढरं कोंडायची वाघर आणि नुकतं जन्मलेलं कोकरू वाहतात. माणसं मेंढरांबरोबर पुढे जातात. घोडं लादायचं काम बहुधा बायांचं. बाई आधी तळहाताने पाठ चाचपते, घोंगड्याची घडी सारखी करते, मग गुडघा बरगडीला टेकवून दोरी ओढते. घोडं पोट फुगवतं. ती काही बोलत नाही, सावकाश वाघर चढवते आणि त्याने श्वास सोडला की पुन्हा एक हिसका देते. सगळ्यात वर पाय बांधलेली कोंबडी. नवरदेवापेक्षा तिची बैठक कितीतरी पक्की असते.